पटावर अठरा, हजर सोळा

आमच्या शेवरवाडीच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर बारा वर्षे एक शब्द चुकीचा लिहिलेला होता, आणि तो मी स्वतः लिहिला होता. शुद्धलेखनाची चूक असती तर चौथीच्या एखाद्या मुलीने आठवड्याभरात दाखवून दिली असती. तशी ती नव्हती. ऱ्हस्वदीर्घ बिनचूक, अक्षर वळणदार, निळा ऑइलपेंट पक्का. फक्त तो शब्द मुळात तेथे नव्हताच. ही चूक ज्यांनी शोधली त्या मगदूमबाई आमच्या भागाच्या शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. माझ्या नोकरीत माझी शाळा तपासायला पुष्कळ जण येऊन गेले. काहींची भीती वाटली, काहींची कीव आली. अभिमान वाटावा अशा त्या एकट्याच.

शाळेशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी एक शब्द आधी समजावून सांगतो. प्रत्येक प्राथमिक शाळेत एक शेरेबुक असते. तपासणीला आलेला अधिकारी जाताना त्यात आपला शेरा लिहितो व खाली सही करतो. आता तपासणीचा फोटो अक्षांश-रेखांशासह मोबाईलवरून वर जातो, तरी शेरेबुक सुटलेले नाही. ही पद्धत इंग्रजी अमदानीतली. तेव्हा तपासणीला डेप्युटी इन्स्पेक्टर येई. खेड्यातल्या तोंडात त्याचा 'दिपोटी' झाला. मास्तरांची बढती आणि शाळेची मान्यता त्याच्या चार ओळींवर अवलंबून असे. म्हणून दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेले सदरे मिळत आणि गावातल्या एखाद्या कोंबड्याचे आयुष्य संपे.

शेवरवाडी कुंडलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वाडीच्या खालून ओढा जातो. त्या काळी हा ओढा सरहद्द होता: अलीकडे खालसा, म्हणजे थेट इंग्रज सरकारचा मुलूख, आणि पलीकडे संस्थानचा. दोन हाकांच्या अंतरावर दोन सरकारे, दोन शिक्षणखाती. वाडीतली म्हातारी माणसे अजून म्हणतात, "पलीकडं राजा, अलीकडं दिपोटी." आमची शाळा अलीकडची. तिचे त्या काळचे शेरेबुक शिल्लक आहे, आणि त्यातला बराचसा भाग मोडी लिपीत आहे.

माझी चूक याच शेरेबुकातून आली. मोडीच्या एका वर्गाला मी दहा दिवस जाऊन आलो होतो आणि दहा दिवसांच्या विद्येचा उत्साह अंगात होता. एका दिपोटीच्या शेऱ्यात पानाच्या अगदी तळाशी मला दोन शब्द लागले: "मुले हुशार." मी ते वाचून दाखवले तेव्हा वाडीत सणासारखा आनंद झाला. पुढच्या आठवड्यात मी ते शब्द भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवले. शेरेबुक एवढे मोलाचे ठरले की सुभेदार नानांनी ते शाळेच्या कपाटातून काढून आपल्या घरी, फौजेतून आणलेल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. नाना अठ्ठावीस वर्षे लष्करात होते. त्यांचे आजोबा त्या दिपोटीच्या वेळी याच शाळेच्या पटावर होते. दर पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलाम केला की नाना वळून भिंतीलाही एक सलाम करीत.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून गुणाकार मांडत होतो. मागून आवाज आला, "येऊ का?"

मी वळलो तर दारात एक मध्यम उंचीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई उभ्या होत्या. फिकट सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात पाण्याची स्टीलची बाटली आणि तिच्या तोंडाला बांधलेले पांढरे गाळणे. प्रश्न मला नव्हता, मुलांना होता. मी घाईने पुढे झालो, तर त्यांनी हाताने मला थांबवले आणि मुलांकडे बघत राहिल्या. शेवटी पुढच्या रांगेतली आरोही म्हणाली, "या." मग त्या आत आल्या आणि खुर्ची सोडून सर्वांत मागच्या बसकरपट्टीवर जाऊन बसल्या. वर्गात शिरताना मुलांची परवानगी घेणारा अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता. पुढे कळले की परवानगी मिळेपर्यंत त्या खरोखरच उंबऱ्याबाहेर थांबत; एका शाळेत दहा मिनिटे उभ्या होत्या.

तपासणीची त्यांची रीत उलटी होती. त्या मुलांना प्रश्न विचारत नसत. म्हणत, "तुम्ही मला विचारा. चांगला प्रश्न विचारायला जास्त यावं लागतं." त्या दिवशी आरोहीने विचारले, "तुमच्या डब्यात काय हाय?" मी डोळे वटारले. बाईंनी मात्र प्रश्न मान्य केला. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ होती. कांदा, बटाटा, लसूण नाही. का नाही? तर त्या जैन, आणि जमिनीखाली वाढणारे कंद त्यांच्या घरी खात नाहीत. मुले विचारात पडली. आमच्याकडे अर्धे शिवारच जमिनीखाली पिकते. आरोहीने पुन्हा हात वर केला.

"मग भुईमुगाच्या शेंगा खाता का न्हाई?"

"खातो की."

"आन हळद?"

"तीही खातो."

"मग ती काय वर झाडाला लागत्यात व्हय?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मला हे सांगता येत नाही. घरी विचारते आणि पुढच्या वेळी सांगते." मला वाटले, वेळ मारून नेली. पण जाताना त्यांनी शेरेबुकात जे लिहिले ते वाचून मी थक्क झालो: "इयत्ता चौथीतील विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तपासणी अधिकाऱ्यास आले नाही." खाली सही, दिनांक. पुढच्या भेटीत त्या उपटलेले भुईमुगाचे झाड घेऊन आल्या. फूल वर कसे येते, मग त्याचा देठ मातीत कसा शिरतो, म्हणून शेंग हे मूळ नसून फळ कसे, हे त्यांनी झाड मुलांच्या हातात देऊन दाखवले. हळद ओली खात नाहीत, वाळवून खातात, हेही सांगितले. शेरेबुकात भर पडली: "मागील भेटीतील प्रश्नाचे उत्तर दिले. विद्यार्थिनीचे समाधान शेंगेबाबत झाले, हळदीबाबत झाले नाही."

त्याच दिवशी जाताना त्या भिंतीसमोर थांबल्या.

"हे कुणी वाचलं?"

मी अभिमानाने म्हणालो, "मी."

"मूळ पान कधीतरी बघायचं आहे," एवढेच म्हणून त्या निघाल्या. शेरेबुक ट्रंकेत होते, ट्रंकेची किल्ली जानव्यासारखी नानांच्या गळ्यात होती, आणि नाना लेकीकडे उंब्रजला गेले होते. विषय तेथेच राहिला.

बाई शाळेतले काही कधी खात नसत. चहासुद्धा नाही. जुन्या दिपोटींच्या कोंबड्यांच्या गोष्टी त्यांना ठाऊक होत्या आणि त्या रंगवून सांगत. म्हणत, "माझ्या धर्मानं माझी नोकरी सोपी केली, गुरुजी. कोंबडा नाही, अंड्याची पोळी नाही, बटाटेवडा नाही. मला लाच द्यायची म्हटली तर माणसानं द्यायची काय? मुगाची डाळ?" सूर्य मावळायच्या आत जेवायचे हा त्यांचा नेम. त्यामुळे तपासणी वेळेवर संपे आणि शिक्षकही वेळेवर घरी पोचत. एवढ्यासाठी कित्येक शिक्षकांच्या बायका त्यांना दुवा देत असतील.

आमच्याकडे येण्यापूर्वीच्या त्यांच्या नोकरीतली काही वर्षे सातारच्या बाजूला गेली होती. पहिली नेमणूक महाबळेश्वरच्या डोंगरातल्या एका शाळेत. तेथल्या पावसाबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "तिथं मी हजेरी घ्यायला शिकले. पावसात आलेलं मूल मोजायचं असतं तसं कोरड्यात आलेलं मोजायचं नसतं." मला त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नव्हता.

त्याच भागातली आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या बैठकांत सांगितली जाते. त्या नव्यानेच अधिकारी झाल्या होत्या. एका शाळेने स्वागताची मोठी तयारी केली होती: रांगोळी, लेझीम, मुलींच्या हातात औक्षणाची ताटे. बाई मागच्या फाटकातून येऊन तिसरीत बसल्या आणि पाऊण तासाने बाहेर वाट बघणाऱ्यांना कळले की तपासणी अर्धी झाली आहे. वर्गात भिंतीवर सौरमालेचा फार सुंदर तक्ता होता. बाईंनी एका मुलीला तो खाली काढून जवळ आणायला सांगितला. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. तक्त्यामागे भिंतीला भोक होते. बाईंनी बांगड्या मागे सारून त्यात हात घातला. शेरा असा झाला: "शनी ग्रहामागे भिंतीस भोक. हात घातला असता कोपरापर्यंत गेला." कोणाला ठपका दिला नाही, 'दुरवस्था', 'हलगर्जीपणा' असे शब्द वापरले नाहीत. पण तो शेरा वरच्या कार्यालयात ज्याने वाचला त्याला आपला हात त्या भोकात गेल्यासारखा वाटला असावा, कारण पुढच्या महिन्यात भिंत दुरुस्त झाली.

हेच त्यांचे सूत्र होते. "बघितलं तेवढं लिहायचं," त्या म्हणत. शेऱ्यात विशेषण लिहायला त्यांचा सक्त विरोध होता. उत्तम, समाधानकारक, असमाधानकारक यांपैकी एकही शब्द त्यांच्या शेऱ्यात सापडणार नाही. मी एकदा कारण विचारले.

"विशेषण फायलीत बसून राहतं, गुरुजी. आकडा चालत वरपर्यंत जातो."

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. त्या वर्षी उन्हाळ्यात एक पत्र आले. पट कमी असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत सामावून घेता येतील का, याचा अहवाल मागवला होता. आमचा पट चौदा. मोठी शाळा ओढ्यापलीकडच्या गावात, अडीच किलोमीटरवर. कागदावर अंतर काहीच नाही. पण ओढ्यावरचा फरशी पूल जेमतेम गुडघाभर उंचीचा. डोंगरात पाऊस झाला की वाडीत ऊन असतानाही तो पाण्याखाली जातो. पाचवीपासूनची आमची सात मुले त्याच वाटेने पलीकडे जात, आणि पावसाळ्यात त्यांच्या आया ओढ्याच्या काठावर उभ्या असत. आता सहा वर्षांची मुले त्या वाटेने जाणार होती. अहवाल मगदूमबाईंनी द्यायचा होता.

वाडी शाळेत जमली. नाना इस्त्रीच्या कपड्यांत, काखेत फडक्यात गुंडाळलेले शेरेबुक घेऊन आले. त्यांनी ते बाईंसमोर दोन्ही हातांनी ठेवले.

"ह्ये बघा बाई. लय जपलंय. इंग्रजाच्या दिपोटीनं लिवलंय, मुलं हुशार. आमचा आज्जा त्यात हाय. आता तुमी बी तेवढंच लिवा. मुलं अजून हुशार. जास्ती काय मागत न्हाई आमी."

"शाळेचं दप्तर घरी ठेवता येत नाही, नाना," बाई म्हणाल्या. "ते नंतर बोलूया. आधी वाचू दे."

त्यांना मोडी येत होती. त्यांच्या आजोबांची पत्रे मोडीत होती आणि ती वाचता यावीत म्हणून त्या लहानपणीच शिकल्या होत्या. त्यांनी मी दुमडून ठेवलेले पान उघडले नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली. बोट कागदावर न टेकवता, त्याच्या वरून फिरवत त्या वाचत होत्या. जमलेली माणसे तंबाखू मळायची थांबली. कितीतरी वेळाने त्या माझ्या पानापाशी आल्या.

"गुरुजी, या शब्दात 'ह' आहे. खाली उकार दिसतोय तुम्हाला?"

मी वाकून पाहिले. उकार नव्हता.

"शेवटी 'र' आहे. मधलं अक्षर पाण्याच्या डागात गेलंय. तुम्ही काय केलंत?"

"अंदाजाने भरले."

"डाग पडला की माणूस तिथं आपल्याला हवं ते अक्षर वाचतो. मीही वाचलं असतं. पण याच हातचे आठ शेरे मी आता वाचले. एकातही विशेषण नाही. असा माणूस 'हुशार' लिहील का?" त्या थांबल्या. "तुम्ही पान उलटलं होतंत?"

बत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो होतो की उतारा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. मी मान खाली घातली. वाक्य पानाच्या तळाशी संपले आहे असे मी धरून चाललो होतो. बाईंनी पान उलटले आणि दोन्ही बाजू सलग, मोठ्याने वाचल्या:

"ओढ्यास पाणी. तट्टू पलीकडे ठेवून वरल्या वाटेने पायी आलो. मास्तर हजर. पटावर अठरा. मुले हजर सोळा. दोघांस ताप आहे असे मास्तर सांगतात, पाहिली नाहीत."

नानांनी वाकून पानाकडे पाहिले. मग नाना म्हणाले, "म्हंजे हुशार न्हाई?"

"नाही."

"मग काय, ढ हुती व्हय?"

"तसंही लिहिलेलं नाही."

नानांचा चेहरा तांबडा झाला. "आवं बाई, शाळा जायाची येळ आली आन तुमी एक अक्षर धरून बसलाय? बारा वर्सं सलाम केलाय म्या त्या भितीला. असू द्या की तसंच. कोन बघाय येतंय?"

"मी आलेय की बघायला." बाईंचा आवाज चढला नाही. "शाळा जायची वेळ आलीय म्हणूनच धरून बसलेय. उद्या वरून हे पान मागवलं, तर एका खोट्या शब्दापायी बाकीचं खरंही कोणी धरणार नाही."

"खोटं म्हनायचं काम न्हाई," नाना उठून उभे राहिले. मागे कोणीतरी पुटपुटले, "नाना, बसा." नाना बसले नाहीत.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "नाना, फौजेत सकाळी रोलकॉल असायचा का?"

"असायचा म्हंजे? रोज."

"नाव पुकारलं की काय म्हणायचा?"

"हाजिर साब."

"हुशार साब नाही?"

मागच्या बाजूला हसू फुटले. नाना वळून पाहू लागले तसे ते दबले. नाना तसेच उभे होते. मग अगदी सावकाश, आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हुशार लय भेटली फौजेत. रजेवरनं येळेवर परत येतील असली हुशार नसायची ती." ते खाली बसले. "ओढ्याला पानी हुतं म्हनतोय का तो?"

"ओढ्यास पाणी. पहिलेच दोन शब्द."

"आन पोरं हजर."

"अठरातली सोळा."

नानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आमचा आज्जा सोळात हुता का दोघांत?"

"ते लिहिलेलं नाही."

"सोळातच असनार."

"असतील. पण मी सांगू शकत नाही."

"तुमी लय कडू बाई हाय," नाना म्हणाले, आणि त्या दिवसातले त्यांचे पहिले हसू हसले.

मगदूमबाईंनी त्या दिवशी आम्हाला कोणतेही आश्वासन दिले नाही. शेरेबुक ट्रंकेतून शाळेच्या कपाटात परत आणायची तेवढी लेखी सूचना देऊन त्या गेल्या. वाडीला वाटले, शब्दही गेला आणि शाळाही गेली. मी त्याच संध्याकाळी भिंतीवरचा 'हुशार' चुन्याने पुसला. नुसता "मुले" राहिला. पुढे काही लिहायचा धीर होईना.

मग पावसाळा लागला. जुलैच्या एका सकाळी डोंगरात रात्रभर पाऊस होऊन फरशी पूल पाण्याखाली गेला होता. अकराच्या सुमारास दारातून आवाज आला, "येऊ का?" बाई गुडघ्यापर्यंत चिखलात होत्या. स्कूटी त्यांनी पलीकडच्या गावात ठेवली होती आणि वरच्या वाटेने, डोंगराला वळसा घालून पाच किलोमीटर चालत आल्या होत्या. मुलांनी एका सुरात "या" म्हटले. त्यांनी मुले मोजली. एकेकाजवळ जाऊन, नाव विचारून मोजली. मग आपल्या बाटलीतले पाणी प्याल्या, शेरा लिहिला आणि त्याच वाटेने परत गेल्या. मी वाचले: "फरशी पुलावर पाणी, मोजपट्टीने दोन फूट. पलीकडील शाळेत सकाळी जाऊन पाहिले: शेवरवाडीची मुले सात, सातही गैरहजर. या शाळेत पटावर चौदा. मुले हजर चौदा."

त्या पावसाळ्यात त्या अशा चार वेळा आल्या. कधी येणार हे त्यांनी एकदाही कळवले नाही. पूल बुडाला की येत. तिसऱ्या वेळी एक मूल कमी होते. मी घाईने सांगितले की त्याच्या आजीचे निधन झाले आहे. बाईंनी लिहिले: "हजर तेरा. एकाच्या घरी दुःख आहे असे मुख्याध्यापक सांगतात." मला वाटले, आता तरी चौदा लिहायला काय हरकत होती? मग माझी मलाच लाज वाटली. तेरा खरे होते म्हणूनच बाकीच्या तीन दिवसांचे चौदा कोणालाही खोटे म्हणता येणार नव्हते.

त्यांचा अहवाल अर्ध्या पानाचा होता. त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. चार दिनांक, चार वेळा पाण्याची खोली, पलीकडची हजेरी, अलीकडची हजेरी. सोबत जुन्या शेऱ्याची मोडी प्रत आणि तिचे बाळबोध लिप्यंतर. एकही विनंती नाही, वाडीच्या परंपरेविषयी एकही वाक्य नाही. शेवटची ओळ: "इंग्रजी अमदानीतील तपासणी अधिकारी ज्या वाटेने आले त्याच वाटेने मलाही यावे लागले." दिवाळीनंतर पत्र आले. शाळा शेवरवाडीतच राहणार होती.

नानांनी ते पत्र दोनदा वाचले. मग निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शाळेत आले. "गुरुजी, अक्षर तुमचं, शिडी म्या धरतो. ह्या टायमाला पान उलटून लिवा म्हंजे झालं." मी लिहिले: मुले हजर. पूर्वीपेक्षा मोठे लिहिले.

पुढच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. भिंतीवरचा शब्द त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून मी त्यांना ऑगस्टमधल्या एका दुपारी बोलावले. तोवर आमचा पट सतरावर गेला होता. गाडीने दूरच्या शाळेत जाणारी तीन मुले त्यांच्या आयांनी परत आणली होती. मुलींनी फुले वेचली होती, नानांनी घरातून मुगाची डाळ भिजवून आणली होती आणि कोणालाही हसू दिले नव्हते. तीनच्या सुमारास डोंगरावर ढग फुटला. बाई ओढ्यापाशी पोचल्या तेव्हा पूल दिसत नव्हता.

आम्ही शाळेच्या आवारात, कडुनिंबाजवळ उभे होतो. त्या पलीकडच्या काठावर, काळ्या छत्रीखाली. मध्ये तांबडे पाणी. मी फोन लावला. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. वरच्या वाटेने येणे आता त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, आणि परत जायला उशीर झाला तर सूर्य मावळला असता. नाना कपाळावर हात धरून पाहत होते. मुले हात हलवत होती. बाईंनी हात हलवला नाही. त्यांनी छत्री डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचे बोट उचलले आणि मला कळले की त्या मोजत आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट गेले, परत आले. मग ते वर भिंतीकडे गेले आणि थोडा वेळ तेथे थांबले. त्यानंतर त्या वळल्या आणि उसाच्या दोन फडांमधल्या रस्त्याने, छत्री सरळ धरून, निघून गेल्या.

साडेपाच वाजता मोबाईलवर संदेश आला. मी तो सर्वांना वाचून दाखवला.

"ओढ्यास पाणी. पलीकडूनच पाहिले. भिंतीवरील शब्द वाचता आला, बरोबर आहे. पट सतरा असे आपण कळवले होते. मुले हजर पंधरा. दोन कडुनिंबामागे असावीत असे वाटते, पाहिली नाहीत."

खाली नाव होते, पण 'स्वाक्षरी' हा शब्द नव्हता. निवृत्त माणसाला शेरा द्यायचा अधिकार नसतो, हे त्या विसरल्या नव्हत्या.

"ती दोगं कोन?" नानांनी विचारले.

कडुनिंबाच्या बुंध्यामागून दोन मुली पुढे आल्या. पावसाचे थेंब चुकवायला त्या तेथे उभ्या होत्या. त्यांतली एक नानांची नात होती.

नानांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आमच्या घराण्याचं ह्येच चाललंय म्हना की," ते म्हणाले. "दिपोटी आला की आमी त्या दोघांत."

मी आत जाऊन हजेरीपत्रक उघडले. त्या दिवशीच्या रकान्यात सतरा खुणा होत्या. सतरा मुले मी पाहिली होती. मगदूमबाईंना मात्र त्या दुपारनंतर पाहिलेले नाही. म्हणून याच्या पुढे लिहीत नाही.